सुपातली लेक

"माय!"

"ओ!"

"काही न्हाई. नुस्तंच."

ही हाक कुठूनही यायची. लिंबाच्या फांदीवरून यायची, नाल्यातल्या वाळूतून यायची, गोठ्यात वासराच्या पोटाखालून यायची. चतुराबाईचे हात पिठात असोत की शेणात, तोंडातून ओ गेलीच पाहिजे. उशीर झाला की हाक लांबत जायची आणि गल्लीतल्या बाया हसायच्या, "दे बाई त्याला ओ, न्हाई तर गाव गोळा करील." ओ पोचली की तिकडून तेच. काही नाही, नुसतंच. काम कधी नसायचंच. माय जाग्यावर आहे ना, एवढं बघून पोरगं पुन्हा खेळायला मोकळं.

धर्मराज त्याचं नाव. आष्टीपासून कोसभरावरच्या त्या गावातलं, रखमाजी आणि चतुराबाईचं एकुलतं एक लेकरू. जालना जिल्हा झाला त्याच्या पुढच्या साली, उन्हं तापायला लागली तेव्हा गावात गोवर आला. दारादारांवर लिंबाचे ढाळे टांगले गेले. बाकीची लेकरं खपल्या टाकून उठली आणि पुन्हा नाल्यात उतरली. धर्माचा गोवर छातीत गेला. परतूरच्या दवाखान्याकडं निघालेल्या बैलगाडीत, बापाच्या मांडीवर, निम्म्या वाटेत त्यानं मान टाकली. दुधाचे दात पडले नव्हते, म्हणून त्याला जाळलं नाही. वावराच्या बांधावर, बोरीच्या झाडाखाली, मातीच्या कुशीत निजवलं.

त्यानंतर घरात दोन माणसं राहिली, आणि दोघांनी दोन वाटा धरल्या.

रखमाजी मुळातच कमी बोलणारा. आता त्याचं बोलणं बैलांपुरतं उरलं. पण सुगीत जोंधळ्याची कापणी झाली की तो चांगली सरळ धाटं निवडून घ्यायचा, सोलायचा, आणि त्यांची वितभर बैलगाडी करायचा. चाकं, जू, साटी, सगळं बराबर. मग कुणाला न सांगता ती बोरीखाली ठेवून यायचा. पावसाळ्यात ती कुजून मातीत जायची. पुढच्या सुगीत दुसरी. चतुराबाईला हे ठाऊक होतं. तिनं कधी विचारलं नाही. विचारलं तर तो लाजेल, आणि लाजला तर करायचं सोडून देईल, म्हणून नाही.

तिची वाट जात्यापाशी अडली. पूर्वी ती पहाटेची दळायला बसली की तिची ओवी अख्ख्या गल्लीला ऐकू जायची.

दुपारच्या उन्हामंदी । कोण धावतं दारात
धर्मराज बाळ माझं । धूळ घेऊन पायात

आता जातं तेच, दाणे तेच, हातही तसाच फिरायचा. पण ओवी घशातच बसून राहायची, कोरड्या पिठासारखी.

हाक मात्र यायची. दुपारी गल्ली सुनी झाली, चुलीवर तवा तापला, की अगदी कानापाशी यायची. माय! चतुराबाई दचकून दाराकडं बघायची. दारात ऊन असायचं, दुसरं कुणी नाही.

समोरच्या घरात झुंबरबाई राहायची. रखमाजीला तिनं भाऊ मानलेलं, म्हणून चतुराबाई तिला वन्सं म्हणायची. झुंबरबाईला सात लेकरं, सातही ठणठणीत. एकाचं नाक वाहतंय तर दुसऱ्याचा गुडघा फुटलाय, यापलीकडं त्या घरात कधी दुखणं शिरलं नाही. एका दुपारी ती विस्तव मागायला आली आणि चतुराबाईचा चेहरा बघून उंबऱ्यातच थांबली.

"ऐकू येतंय का?"

चतुराबाईनं मान हलवली.

"ओ देऊ नको बाई," झुंबरबाई तिच्याजवळ टेकत म्हणाली. "दिसत न्हाई त्याच्या हाकेला ओ देऊ नये. तू ओ दिली की ते बिचारं मागं वळतंय. त्याला पुढं जाऊ दे."

तेव्हापासून चतुराबाई ओ गिळायला शिकली. हाक आली की जीभ टाळूला लावायची आणि भाकरी उलटायची. लेकराला पुढं जाऊ द्यायचं तर मायनं गप बसायचं, असं ते काम होतं. तिनं ते नेटानं केलं.

*

दोन-अडीच वर्षांनी, पुन्हा जोंधळ्याच्याच सुगीत, तिला मुलगी झाली. रखमाजी खळ्यावरून धावत आला. त्याच्या मिशांना भुसा लागला होता, आणि तो हसत होता की रडत होता हे त्या भुशामुळं कळत नव्हतं. चतुराबाईनं मात्र लेकीकडं नीट बघितलंसुद्धा नाही.

"वन्सं," तिनं झुंबरबाईचा हात धरला, "ही मला ठेवायची न्हाई. ही तुमी घ्या. माझ्या नावावं लेकरू जगत न्हाई."

झुंबरबाईला पुढचं सांगावं लागलं नाही. ही रीत तिथल्या बायांना ठाऊकच असते. ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या घरात पुढचं लेकरू आपलं म्हणून वाढवायचं नाही. ते दुसऱ्या बाईनं, जिची लेकरं जगतात तिनं, दाण्याच्या मोलानं विकत घ्यायचं. मग ते तिचं. लेकरू न्यायला सटवाई शोधत आली तरी तिला त्या घरात कुणाचं लेकरू सापडत नाही.

पाचवीच्या दिवशी सकाळी झुंबरबाई सूप घेऊन दारात उभी राहिली आणि सटवाईला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अवो, घरात कोन हाय का? तुमच्या कोपऱ्यात कायतरी पडलंय, दगड का धोंडा! विकता का?"

रखमाजीनं पाठ केल्यासारखं म्हटलं, "न्या बाई. आमच्या काय कामाचा?" म्हणता म्हणता त्याचा आवाज फाटला, आणि झुंबरबाईनं त्याला डोळ्यांनी दटावलं, की भाऊ, नीट बोल, ती ऐकून राह्यली.

चतुराबाईच्या पदरात ओंजळभर जोंधळे पडले. लेक सुपात निजून गल्लीपलीकडं गेली. ती धोंडा म्हणून विकली गेली होती, म्हणून नाव धोंडी.

तासाभरात धोंडी भुकेनं टाहो फोडायला लागली. तेव्हा झुंबरबाई तिला घेऊन पुन्हा त्याच दारात आली, आणि पुन्हा त्याच मोठ्या आवाजात म्हणाली, "वैनी, माझ्या लेकराला जरा पाजता का? मला दूध न्हाई!"

चतुराबाईनं लेक पदराखाली घेतली, आणि त्या दिवशी तिला कितीतरी दिवसांनी हसू आलं. हसता हसता दूध वाहत राहिलं.

धोंडी राहिली मायबापाच्याच घरात. खायची, निजायची, वाढायची तिथंच. फक्त बोलायचं वेगळं. झुंबरबाईला ती माय म्हणायची. झुंबरबाईचा भाऊ म्हणून रखमाजी तिचा मामा, आणि चतुराबाई मामी. शाळेत नाव घालायला गेली तेव्हा गुरुजींनी विचारलं, "रखमाजी तुझा कोन?"

"मामा."

"मंग त्याचं नाव बापाच्या जागी काऊन लावती?"

धोंडीनं इकडंतिकडं बघितलं आणि टाचा उंचावून गुरुजींच्या कानाशी गेली. "ते सटवाईला सांगायचं न्हाई, गुरुजी."

सुगीत रखमाजी आता धाटांच्या दोन गाड्या करायचा. एक बोरीखाली जायची, एक धोंडी दोरी बांधून गल्लीभर ओढायची. "मामा, ती दुसरी गाडी कुनाची?" ती विचारायची. "हाय एकाची," तो म्हणायचा.

आणि जात्यापाशी, गिरणी गावात आली तरी चतुराबाई डाळ भरडायला बसायची त्या जात्यापाशी, ओवी हळूहळू परत आली. आली, पण तोंडावरून पदर घेऊन आली.

शेजारणीची गं लेक । माझ्या उंबऱ्यात खेळती
तिच्या पैंजणाची बोली । माझ्या जात्याला कळती

धोंडीला सहावं सरून सातवं लागलं. धर्माला जे वय बघायला मिळालं नाही ते तिनं ओलांडलं. रीतीप्रमाणं आता विक्री मोडायची असते; ओंजळभर दाणे परत करायचे, आपलं लेकरू आपल्या पदरात घ्यायचं, आणि मग ते मायला माय म्हणायला मोकळं. झुंबरबाई सूप घेऊन हजर झाली.

"घे वैनी तुझी धोंड. लई खाते."

चतुराबाईनं हात पाठीमागं नेले. "पुढच्या सालाला, वन्सं. औंदा तिला खोकला व्हता."

पुढच्या साली दात पडत होते. त्याच्या पुढच्या साली गावात कावीळ होती. मग धोंडी नहाणाला आली, तेव्हा "आता नको, लई नाजूक वय". दरवर्षी सुगीत सूप यायचं आणि रिकामं परत जायचं. झुंबरबाई चिडवायची, "तुला फुकटात सांभाळून पायजे माझी लेक!" पण चतुराबाईच्या डोळ्यातली भीती दिसली की गप व्हायची. मग तिनं सूप आणायचं सोडलं. ते तिच्या आढ्याला, खुंटीवर लटकत राहिलं.

लग्नातसुद्धा तेच. मुलगा चांगला मिळाला, संपत, नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत कामाला. कन्यादानाला पाटावर कोण बसणार? झुंबरबाई आणि तिचे मालक. चतुराबाई मांडवात मामी म्हणून अक्षता वाटत फिरली. पण नवरीच्या पाठीशी तिचा मामा उभा राहतो, तो मान रखमाजीचा. चतुराबाईचा सख्खा भाऊ, धोंडीचा खरा मामा, यावरून तीन पंगती उठेपर्यंत रुसून बसला होता. रखमाजी लेकीच्या मागं उभा राहिला. मंगलाष्टकं चालली होती तोवर त्यानं दोन्ही हात तिच्या खांद्यांवर असे ठेवले होते, जणू कुणी तिला मागून ओढून नेईल.

*

दीड वर्षानं धोंडीला दिवस गेले. बाळंतपण नवीन जालन्यातच, स्टेशनकडच्या एका दवाखान्यात करायचं ठरलं. झुंबरबाईचे गुडघे गेलेले, तिला प्रवास होत नव्हता. म्हणून चतुराबाई गेली. धोंडीच्या कळा सुरू झाल्यापासून ती खाटेशी बसून होती. पाठ चोळत होती, घाम टिपत होती. नर्स दारात आली.

"पेशंटची आई कोण आहे?"

चतुराबाई उठता उठता खाली बसली. "आई गावाकडं हाय," ती म्हणाली. "मी मामी."

धोंडीनं ऐकलं. कळ आली होती, पण ती ओरडली नाही. तिनं नुसतं तोंड भिंतीकडं केलं.

मुलगी झाली. गुटगुटीत, काळ्याभोर केसांची. चतुराबाईनं पाचवी दवाखान्यातच उरकली. नर्सची नजर चुकवून उशाखाली हळकुंड ठेवलं, आणि सटवाईला मनातल्या मनात म्हणाली, ही पन माझी न्हाई बरं का. दुसऱ्या दिवशी ती घर सारवायला म्हणून पुढं निघून आली. संपत बायकोला आणि लेकीला जीपनं आणणार होता.

जीप आली तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. चतुराबाईच्या चुलीवर तवा होता. तिनं घाईघाईनं भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या उचलला, आणि दारात येऊन थबकली. जीप गल्लीच्या बरोबर मध्ये उभी होती, उजवीकडं झुंबरबाईचं दार, डावीकडं तिचं. मागच्या सीटवर धोंडी बाळाला पोटाशी घेऊन बसली होती, आणि उतरत नव्हती.

"उतर की," संपत म्हणाला.

"कोन्या घरी उतरू?" धोंडी म्हणाली.

"म्हंजे?"

"पहिलटकरीन माहेरी येते ना? मंग माझं माहेर कोनतं ते सांगा. ह्या हाताला माझी माय हाय म्हनतात, अन् त्या हाताला मामी. मायकडं उतरू का मामीकडं?"

झुंबरबाई भिंतीला धरून धरून बाहेर आली. "अगं, ऊन लागंल लेकराला. उतर जल्दी, मंग भांड."

"मी भांडून न्हाई राह्यले. मी इच्यारून राह्यले." धोंडीचा आवाज मोठा नव्हता. "उद्या ही बोलायला लागंल. हिची आजी कोन? जी दवाखान्यात रातभर बसली ती, का जी गावाकडं हाय म्हनून सांगितलं ती? ते ठरवा. मंग उतरते."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. संपत त्याला म्हणाला, "थांब बाबा, हितं फैसला चालू हाय."

चतुराबाई उंबऱ्याबाहेर आली. "धोंडे," ती म्हणाली, "आत्ता नको गं. आत्ता तर बिलकुल नको. पाचवी होऊन दोन दिस न्हाई झाले, ती अजून घुटमळत असंल हितंच. आता दोन जीव हायेत तुझे. इतकी वर्सं सांभाळलं, आता एका शब्दासाठी..." तिनं बाळाकडं बघितलं. "तू मामी म्हन. मला चालतं. मला काय बी चालतं. तू राह्य नुस्ती."

झुंबरबाईनं नाक पुसलं. रखमाजी गोठ्याच्या दारात हातात कडब्याची पेंढी घेऊन उभा होता; ती खाली ठेवायचं त्याला सुचलं नव्हतं.

"मामी," धोंडी म्हणाली, "मी म्हनलेलं हाय."

"काय?"

"तेच. तू म्हनू देत न्हाईस ते. लई बार म्हनलेलं हाय."

"कुठं?" चतुराबाईनं विचारलं.

"माजघरातली कनगी," धोंडी सांगायला लागली. तुरीच्या काड्यांची विणलेली, शेणानं लिंपलेली, माणसाच्या छातीइतकी उंच कणगी होती ती. उन्हाळ्यात जोंधळे सरत आले की रिकामी व्हायची. "तू वावरात गेली की मी डबा उलटा ठेवून त्याच्यावं चढायचे. अन् कनगीत डोकं घालून म्हनायचे. तुझं नाव घेऊन न्हाई, नुस्तं तेवढंच. आत अंधारात म्हनलं तर सटवाईला दिसनार न्हाई असं वाटायचं मला. दुसरीत व्हते तवापासून. लग्नाच्या हळदीला पन म्हनले, पिवळ्या अंगानं, कनगीला हळद लागली व्हती ती तू मला घासायला लावली. आठवतं का?"

चतुराबाईला आठवलं. कणगीच्या काठाला पिवळी बोटं उमटली होती. तिनं विचारलं होतं, ही कुठं हात लावत फिरते ही नवरी?

"कनगी ओ म्हनत न्हाई," धोंडी म्हणाली. "माझंच मला वापस देती. तरी मी म्हनायचे."

"मला ठाव व्हतं," गोठ्याकडून आवाज आला.

सगळ्यांनी वळून बघितलं. रखमाजीनं पेंढी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तुमाला?" चतुराबाई म्हणाली.

"एकदा पोतं ठेवाया आत गेल्तो. तवा ऐकलं. मंग..." तो अडखळला. "मंग ती आत असली की मी दारात बसायचो. तू आलीस तर खाकरायला."

"अन् मला बोलले काऊन न्हाई?"

"बोललो असतो तर तू कनगी भरून टाकली असती."

झुंबरबाईला हसू फुटलं. गुडघ्याला हात लावून ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. "अगं वैनी," ती म्हणाली, "मंग सटवाईला काय कान न्हाईत? कनगीत डोकं घातल्यानं तिला ऐकू येत न्हाई व्हय? तिला समदं ठाव व्हतं. आपन हितं दोघी नाटक करून राह्यलो, अन् ती तिकडं बसून बघून राह्यली, पान खात!"

चतुराबाई उंबऱ्यावर बसली. तिच्या मनात सगळ्या सुग्या एकामागोमाग उभ्या राहिल्या. ज्या साली खोकला होता त्या साली हे पोर कणगीत तोंड घालून माय म्हणत होतं. कावीळ आली त्या साली म्हणत होतं. आणि खोकला गेला, कावीळ शेजारून निघून गेली, पोर उंच झालं, सासरी गेलं, बाळंत होऊन मांडीवर लेक घेऊन समोर बसलं आहे. जे होऊ नये म्हणून ती इतकी वर्षं दार धरून उभी होती, ते आतच होतं. घरातच होतं. रोज. आणि काहीही झालं नव्हतं.

छातीवर पालथी घातलेली कसली तरी जड पाटी कुणीतरी उचलून बाजूला ठेवावी, तसं तिला झालं. आधी तर ओझं गेलं हेच कळेना. श्वास एवढा खोल का जातोय, याचंच नवल वाटलं.

धर्माचं जाणं तिच्या नावावर नव्हतं. गोवर आला होता. गोवर छातीत गेला होता. बस्स.

ती उठली. तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि आत गेली. कणगीत अजून तळाला जोंधळे होते. त्यासाठी तिला डबा उलटा ठेवून त्यावर चढावं लागलं, वाकावं लागलं, आणि डोकं आत घातल्यावर तिला तो अंधार आणि दाण्यांचा तो वास लागला, ज्यात तिची लेक इतकी वर्षं तिला हाक मारत होती. ती तिथं जरा जास्तच वेळ थांबली. मग ओंजळ भरून बाहेर आली.

"वन्सं, सूप आना."

झुंबरबाईचे गुडघे तेवढ्यापुरते बरे झाले असावेत. ती घरात गेली आणि खुंटीवरचं सूप घेऊन आली. त्याच्यावरची जाळी फुंकरीनं उडवली. चतुराबाईनं ओंजळ त्यात ओतली. जोंधळे सुपावर आवाज करत पसरले.

"एवढेच?" झुंबरबाई म्हणाली. "इतकी वर्सं खाल्लं माझ्या घरचं!"

"कवा खाल्लं? समदं तर हितंच खाल्लं!"

"अगं, सनासुदीच्या पुरनपोळ्या कुनाच्या घरी खात व्हती? इच्यार तिला." आणि मग झुंबरबाईचा आवाज बदलला. तिनं सूप काखेत धरलं, मोकळा हात धोंडीच्या गालावरून फिरवला. "जा बाई. तुझी उतरायची जागा तिकडं हाय. पन सनाला हिकडं यायचं, सांगून ठेवते. इकली म्हनून काय झालं."

धोंडी खाली उतरली. संपतनं हुश्श केलं. चतुराबाईनं दारात बाळावरून आणि बाळंतिणीवरून भाकरीचा तुकडा ओवाळला, दूर टाकला. पायांवर पाणी घातलं.

"आता म्हन की," झुंबरबाई गल्लीतून ओरडली. "एवढं जीप अडवून बसली, आता म्हन!"

धोंडीनं तोंड उघडलं, मिटलं. कानापर्यंत लाल झाली. "असं समद्यांसमोर न्हाई येत," ती पुटपुटली, आणि बाळाला घेऊन पटकन आत शिरली. गल्लीत हशा पिकला. ड्रायव्हरसुद्धा हसला.

जीप गेली. संपत सासऱ्याबरोबर गोठ्याकडं गेला. रखमाजी त्याला धाटाचा ढीग दाखवत होता आणि विचारत होता, मुलींना गाड्या आवडतात ना? चतुराबाई चुलीपाशी बसली. तव्यावरची भाकरी करपून कोळसा झाली होती. तिनं ती बाजूला काढली, नवा उंडा घेतला, थापायला लागली. हात आपोआप चालत होते, आणि तिच्या लक्षात आलं की ती गुणगुणतेय.

माझ्या पोटाची गं लेक । माझ्या उंबऱ्यात खेळती

गल्ली सुनी झाली होती. दारात ऊन होतं. तवा तापला होता.

"माय!"

चतुराबाईचा हात जागच्या जागी थांबला. जुन्या सवयीनं जीभ टाळूला लागली. तिनं दाराकडं बघितलं, दारात ऊनच होतं.

"माय!"

आता कळलं. हाक दारातून नव्हती. माजघरातून होती, कणगीच्या शेजारून, जिथं बाळंतिणीची खाट टाकली होती. आवाज मोठ्या बाईचा होता, जरासा कापरा, पहिल्यांदाच उघड्यावर आलेला. तिच्या मागोमाग बाळाचं कुरकुरणं ऐकू आलं.

चतुराबाईनं पिठाचे हात तसेच वर धरले. बांधावरच्या बोरीचं झाड तिच्या डोळ्यांपुढं आलं. तो आता बराच पुढं गेला असेल, मागं वळायचा नाही. आणि वळला, तरी त्यालाही ऐकू गेलं तर जाऊ दे.

"ओ!" ती म्हणाली, गल्लीपलीकडं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "ओ, माझे बाई! हितंच हाय मी."